हालसवाडीची रीत

हालसवाडीच्या बौद्धवाड्यात कुठलीही वरात भुजंग सुरवशाच्या घरापाशी आली, की वाजंत्री आपसूक थांबत. हलगीवाला काड्या काखेत मारी, सनईवाला गालातली हवा गालातच धरी, आणि घोड्यावरचा नवरदेव चोरासारखा गुपचूप पुढं सरके. त्याच्या दारचं लिंबाचं झाड मागं पडलं, की पुन्हा दणका सुरू. जयंतीच्या मिरवणुकीतही एवढ्या टप्प्यात घोषणा ओठांतच राहत. परगावच्या पाहुण्याला वाटे, या घरात नुकतंच कुणीतरी गेलेलं दिसतं. पाहुणा अगदीच चुकत नसे.

भुजंग एकाहत्तरच्या लढाईतून परत आला तो दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत घेऊन. तिथंच घोटाळा झाला. हात तुटला असता, तर सरकारला तो मोजता आला असता. डोक्याच्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवून पलटणीनं त्याला एक लोखंडी ट्रंक, एक कांबळं आणि इंग्रजी कागद देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून मोठा आवाज झाला, की तो 'डोकं खाली' म्हणून ओरडे, हाताशी येईल त्याला धरून जमिनीवर पाडी आणि त्याच्यावर आपलं अंग घाली. खालच्यानं सुटायला धडपड केली, की तो जास्तच आवळी. एकदा पत्र्यावर माकडानं उडी मारली, तेव्हा पोस्टमन असा बराच वेळ चिखलात होता.

मग वाड्यानंच तोड काढली. त्याची हाक आली, की ज्यानं त्यानं आपणहून आडवं व्हायचं. समदे खाली दिसले, की भुजंग एकेकाचं डोकं मोजी, आकडा मनासारखा भरला की 'उठा' म्हणे, आणि उठून बिडी ओढी. कितीचा आकडा भरायचा असे ते कुणाला कधी कळलं नाही. बायका तव्यावरची भाकरी जळू देत, म्हातारी माणसं काठी आधी टेकवून मग सावकाश पडत. भुजंगची पोरगी सिंधु तर शाळेत मास्तरांनी छडी आपटली तरी बाकाखाली जाई. यात उपकार करतोय असं कुणाला वाटत नसे. पाऊस आला की वाळवण उचलतात, तसंच ते.

गुणाबाईनं, भुजंगच्या बायकोनं, इतकी वर्षं हे निभावलं होतं. घरात पितळेचं भांडं नव्हतं; पडलं तर वाजतं म्हणून. तिनं पेन्शनीचा अर्ज केला तो निलंग्याच्या बाजारात एका माजी शिपायानं डोक्यात भरवल्यावर. आजार नोकरीत जडला असेल, तर सरकार जन्मभर पोसतं, असं तो म्हणाला. उस्मानाबादच्या कचेरीत कारकुनानं इंग्रजी कागद वाचून सांगितलं, की यात तर आजार मूळ प्रकृतीचा लिहिलाय. म्हणजे आईच्या पोटातून आणलेला. सासूनं नवऱ्याला काय काय दिलं होतं, याची गुणाबाईला पक्की माहिती होती : एक तांब्या, एक काठी आणि रागीट नाक. वेड त्यात नव्हतं. तसा तिनं अंगठा देऊन अर्ज केला. भरतीच्या आधी माणूस धडधाकट होता आणि आल्यावर न्हाई, हे गाव सांगेल, असं त्यात लिहवून घेतलं. पाठीशी गाव होतं म्हणूनच तिला एवढी हिंमत झाली.

तेवढ्यात जिल्हा फुटला. लातूरला नवा जिल्हा झाला, पेढे वाटले गेले, आणि गुणाबाईचा अर्ज कुठल्या जिल्ह्यात राहतो ते कुणाला सांगता येईना. उस्मानाबादला म्हणत, कागद लातूरला गेले. लातूरला भाड्याच्या इमारतीत गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. तिथं म्हणत, बाई, अजून गठ्ठे सुटले नाहीत. दोरी तोडायला वरून हुकूम यायचाय. ती व्हरांड्यात बसून राही. कचेरीचा फलक अजून भिंतीला टेकवूनच ठेवलेला होता. एका दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं तो आडवा झाला. दण्ण आवाज झाला आणि एकटी गुणाबाई फरशीवर झोपली. शिपाई तिच्याकडं बघत राहिला. तिनं पदर झटकला आणि जागेवर बसली.

दोन वर्षं पावसानं अंग चोरलं होतं. महादेवप्पांची विहीर खोल करायचं काम निघालं होतं आणि वाड्यातली निम्मी माणसं, भुजंग-गुणाबाईसकट, तिथं दगड वर ओढणाऱ्या यारीवर होती. सुरुंगवाला शिवप्पा दिवस कलता कलता वाती लावायचा. त्याआधी तो गुणाबाईला नुसती मान हलवून खूण करी. ती टोपलं ठेवून भुजंगला घरी नेई, कानांत कापूस घाली, वर दोन वाकळा टाकी आणि स्वतः त्या वाकळांवर बसे. दणका झाला की वाकळांखालून थरथर येई, जात्यावर बसल्यासारखी. पुन्हा येऊन ती दगड वाहू लागे. महादेवप्पा याबद्दल मजुरी कापत नसत. फक्त रोज एकदा म्हणत, गुणा, तुझा नवरा मला घड्याळापरीस महाग पडतो.

त्याच उन्हाळ्यात सिंधुला स्थळ आलं. रेणापूरकडचे व्यंकटराव, त्यांचा एकुलता एक पोरगा एस.टी.त कंडक्टर लागलेला. व्यंकटराव स्वतः शाळेवर शिपाई होते आणि कागदावर त्यांचा फार जीव. पोरगी पसंत पडली. पण कुणाच्या तरी तोंडचं काही कानावर आलं असावं. ते निघताना म्हणाले, आमचा कुणीतरी येऊन गावात जरा विचारून जाईल, राग मानू नका. गुणाबाईनं यात कसला राग, असं तोंडानं म्हटलं. वाड्यात मात्र त्या दिवसापासून सगळे तयारीत होते. सोयरिकीत मोडता घालायचा नाही, हा तिथला कायदा. भाऊबंदकी कोर्टात गेलेली असो, पाण्याच्या रांगेत घागरी फुटलेल्या असोत, विचारणारा आला की पोरीच्या घराण्याबद्दल वाईट शब्द निघत नसे. जो काढी, त्याच्या घरी पुढं कुणी पाणी पीत नसे.

कचेरीतूनही चौकशीला साहेब येणार, हे गुणाबाईनं वाड्यात सांगितलं होतंच. पण साहेब म्हणजे जीप, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. आणि नव्या जिल्ह्याला जीपच अजून मिळायची होती.

तर शेषेराव चौकशीला आले ते एस.टी.नं, फाट्यावरून पायी. पांढरी टोपी, पांढरा सदरा, काखेत छत्री, हातात पिशवी. उस्मानाबादेहून बदलून आलेला साधा, घामेजलेला कारकून माणूस. कचेरीचं नाव सांगितलं की लोक शिकवल्यासारखं बोलतात, असा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी ते सांगितलं नाही. गुणाबाई तेव्हा विहिरीवर होती. वाड्याच्या तोंडाशी धुरपताबाई बसलेली होती. पाण्याच्या पाळीवरून तिचं आणि गुणाबाईचं दोन वर्षं बोलणं बंद होतं.

शेषेरावांनी विचारलं, सुरवशांचं घर कसं आहे, माणूस स्वभावाला कसा आहे, घराण्यात कुणी वेडसर, फेफरेकरी, कुणी रात्री-बेरात्री ओरडणारं? धुरपताबाईनं टोपी बघितली, छत्री बघितली आणि दोन वर्षांचं भांडण बाजूला सारलं. असा शांत माणूस पंचक्रोशीत न्हाई, असं तिनं सांगितलं. निजला तर उशाला ढोल वाजिवला तरी कूस बदलायचा न्हाई. मिलटरीतून येताना साहेब लोक रडले म्हणं. तिनं पाहुण्याला गूळपाणी दिलं, पुढच्या घरी स्वतः पोचवलं आणि मागून डोळ्यांनी खूण केली. पुढच्या घरानं त्याच्यावर कडी केली. विहिरीकडं जाणाऱ्या वाटेवर महादेवप्पा भेटले. ते लिंगायत, गावचे मोठे शेतकरी. पण पोरगी कुणाचीही असो, गावची. भुजंगासारखा थंड डोक्याचा गडी माझ्या शेतावर दुसरा नाही, असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. शेषेराव सगळं लिहून घेत होते आणि खाली सही-अंगठा घेत होते.

धुरपताबाई वाटीभर साखर घेऊन विहिरीवरच आली. गुणाबाईच्या हातातलं टोपलं काढून घेत तिनं साखर तिच्या तोंडात घातली.

"सिंधीचं जमलं म्हून समज," ती म्हणाली. "रेनापूरचा मानूस आलता. असं सांगितलंय, की तुझा मालक तुलाच वळखू येयाचा न्हाई."

गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. साखर जिभेवर विरघळत होती तेवढ्यात धुरपताबाई पुढं म्हणाली, "अंगठाबी दिला मी. सोयरिकीत अंगठा घेत्यात हे मला नवीनच. म्हनलं, आता जिल्हा नवा झालाय, असंल काहीतरी."

गुणाबाईनं साखर गिळली नाही, थुंकलीही नाही. ती फाट्याच्या वाटेनं पळत सुटली.

शेषेराव बाभळीच्या विरळ सावलीत गाडीची वाट बघत उभे होते. तिनं हात जोडून सगळं सांगितलं. लोक खोटं बोलले साहेब, पण चांगल्यासाठी बोलले. शेषेरावांनी टोपी काढून टाळू पुसली. ते वाईट नव्हते. फक्त त्यांच्या पिशवीत आता गावातल्या बहुतेक घरांचे अंगठे होते.

"बाई, एवढी माणसं मघाशी खोटं बोलली," ते म्हणाले, "तर आता खरं बोलतील हे मी कशावरून लिहू?"

"तुमच्या डोळ्यांनी बगा मंग."

"काय बघू?"

गुणाबाईनं आभाळाकडं बघितलं. दिवस कलला होता. विहिरीवर शिवप्पा छिद्रं भरत असणार. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला. दाखविते."

 विहिरीच्या काठावर माणसं टोपली आवरत होती. भुजंग यारीच्या दांड्याला टेकून बिडी ओढत होता. शिवप्पानं नेहमीसारखी मान हलवली. गुणाबाई जागची हलली नाही. शिवप्पानं पुन्हा मान हलवली, मग जवळ येऊन हळू म्हणाला, वैनी, दारू भरून झाली. तिनं सांगितलं, लाव तू वात.

भुजंगनं बिडी विझवून कानामागं खोवली आणि घरी जायला निघाला. इतक्या दिवसांत पायांना वाट ठाऊक झाली होती. ती त्याच्या आडवी आली.

"आज घरी न्हाई?" त्यानं विचारलं.

"थांबा जरा. पाव्हनं आलेत."

त्यानं शेषेरावांना जयभीम घातला. मग लहान पोरानं लोंबकळावं तशी त्यानं तिच्या पदराची कड मुठीत धरली. खाली वाती सुरसुरत होत्या. त्या वासानं त्याचं नाक हललं. त्यानं एकदा बायकोच्या तोंडाकडं बघितलं. तिनं लांब घरापुढच्या लिंबाकडं बघितलं.

दणका झाला. 'डोकं खाली' ही हाक त्याच्यात मिसळूनच आली. शेषेरावांना काय झालं ते कळायच्या आत ते तोंडघशी मातीत होते. वर भुजंगचं अख्खं अंग होतं, आणि त्यांचं डोकं त्याच्या दोन्ही कोपरांत झाकलेलं. दगडाच्या कपच्यांचा पाऊस पडला. भुजंगच्या पाठीवर एक-दोन बसल्या. आणि विहिरीवरची सगळी माणसं, महादेवप्पांसकट, रीतीप्रमाणं आडवी झालेली होती. कारण ती आडवी झाली नसती, तर भुजंगला रात्रभर आवरावं लागलं असतं. त्यानं मान वळवून डोकी मोजली. ओठ हलत होते. मग तो 'उठा' म्हणाला. सगळे अंग झटकत उठले, तो मात्र उठेना. त्याचं धोतर ओलं झालं होतं. माणसांना पाणी पाजायला आलेल्या सिंधुनं घागर त्याच्या अंगावर सांडल्यासारखी केली, म्हणजे सगळंच ओलं दिसावं. त्या उन्हाळ्यात एवढी घागर सांडणं म्हणजे काय, ते रांगेत उभं राहणाऱ्यांनाच कळेल.

शेषेरावांनी चष्मा शोधला. एक काच गेली होती. निघताना त्यांनी भुजंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि गुणाबाईला म्हणाले, बघितलं ते सगळं लिहितो, बाई. काही सोडत नाही.

त्यांनी शब्द पाळला. मृग कोरडा गेल्यावर कागद आला. सिंधुनं उंबऱ्यात बसून वाचला : 'सदर इसमाची समक्ष पाहणी केली. स्फोटाच्या वेळी त्याने प्रसंगावधान राखून शासकीय कर्मचाऱ्याचे रक्षण केले. तसेच उपस्थित सर्व ग्रामस्थ त्याच वेळी जमिनीवर आडवे झाले. सबब सदर वर्तन स्थानिक रीतीस धरून असून आजाराचे लक्षण मानता येत नाही. प्रकृती निकोप. दावा नामंजूर.'

गुणाबाईनं ते पुन्हा वाचायला लावलं. पेन्शन गेली हे तिला पहिल्या वाचनातच कळलं होतं. दुसऱ्यांदा ती ऐकत होती ते 'प्रकृती निकोप'. सुरुंगाच्या त्या दिवशी तिनं पदर सोडवून घेतला नव्हता, नुसतं लिंबाकडं बघितलं होतं.  त्यानंतर सुरुंगाच्या वेळेला भुजंग तिची वाट बघत नसे. एकटाच घरी जाऊन वाकळांखाली शिरे.

व्यंकटराव पुन्हा आले ते स्वतःच. इकडून-तिकडून ऐकलेलं मनात होतंच. चहा बशीत ओतून त्यांनी सरळ विचारलं, पोरीचा बाप डोक्यानं कसा हाय म्हणायचं?  गुणाबाईनं ट्रंकेतून कागद आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. व्यंकटरावांनी आधी शिक्का वाचला, मग मजकूर. वाचून झाल्यावर कागद दोन्ही हातांनी परत दिला.

"एवढं तर माझ्याजवळबी न्हाई," ते म्हणाले. "सरकारनं लिहून दिलंय म्हनल्यावर आपुन कोन?"

सोयरीक ठरली. फक्त एकुलता एक पोरगा म्हणून बँड आणि फटाके हवेत, एवढीच त्यांची हौस होती. गुणाबाईला नको म्हणायला तोंड नव्हतं. ज्याची प्रकृती निकोप, त्याच्या दारात बँड का नको?

महादेवप्पांची विहीर तोवर चांगली खोल गेली होती. पाणी लागलं नव्हतं. तळाशी काळा दगड आणि वर नाणं दिसावं एवढं आभाळ. लग्नाच्या सकाळी गुणाबाईनं भुजंगला आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं, कानांत कापूस घालून वर रुमाल बांधला. शिवप्पानं त्याला यारीच्या पाटीत बसवून खाली सोडलं आणि स्वतःही सोबतीला उतरला. पाटी खाली जाताना भुजंग वर बघत होता. पोरीचं लग्न हाय, एवढं त्याला माहीत होतं. पाव्हने येऊन गेले की वर घेऊ, असं तिनं काठावरून सांगितलं. त्यानं मान हलवली. खंदकात बसायचं त्याला नवीन नव्हतं.

लिंबाच्या अलीकडं इतक्या वर्षांत पहिल्यांदा बँड वाजला. वाड्यातली माणसं तो ऐकत अवघडून उभी होती, दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखी. गाथा झाल्या, पांढऱ्या साडीतल्या सिंधुनं हार घातला, फुलं पडली. पोरीचा बाप कुठं हाय, असं ज्यानं त्यानं विचारलं. गुणाबाई वाढता वाढता सांगत होती, लातूरला गेलेत, पेन्शनीचं काम हाय, तारीख टळली न्हाई. ते ऐकून व्यंकटराव पंगतीत अभिमानानं म्हणाले, सरकारी कामं अशीच असत्यात.

ऊन उतरायच्या आत टेम्पो निघाला. वाट विहिरीवरूनच होती. अख्खा वाडा विहिरीजवळच्या वेशीच्या वळणापर्यंत चालत आला. टेम्पो थांबवून सिंधु खाली उतरली, आयाबायांच्या गळ्यात पडून रडू लागली. तेवढ्यात नवऱ्याकडच्या एका हौशी मेहुण्याला शिल्लक राहिलेला सुतळी बॉम्ब आठवला. त्यानं तो विहिरीच्या काठाला, धडीवर ठेवून पेटवला.

दणका विहिरीत शिरला आणि दुप्पट होऊन वर आला. त्याच्या पाठोपाठ, जमिनीच्या पोटातून आल्यासारखी हाक आली.

"डोकं खाली!"

अख्खा वाडा आडवा झाला. धुरपताबाई पडली, महादेवप्पा काठी टेकवून पडले, कडेवरची लेकरं घेऊन बायका पडल्या. नवी नवरी पांढऱ्या साडीसकट धुळीत पालथी झाली. उभी राहिली ती फक्त रेणापूरची माणसं, बँडवाले, आणि बँडवाल्याच्या हातातली झांज.

व्यंकटरावांनी चहूकडं बघितलं. गुणाबाई मातीत गाल टेकून त्यांच्याकडंच बघत होती.

"बसा इवाई," ती म्हणाली. "आमच्या गावची रीत हाय. लेक अशीच वाटं लावत्यात."

व्यंकटराव घोटाळले. मग माणूस रीतीला धरून चालणारा असल्यामुळं त्यांनी धोतर सावरलं आणि खाली बसले. ते बसले तसा मुलगा बसला, मेहुणा बसला, बँड बसला. सगळे 'उठा'ची वाट बघू लागले. पण विहिरीच्या तळातून भुजंगला, अंगाखालच्या शिवप्पाखेरीज, एकही डोकं दिसत नव्हतं. मोजायचं काय? 'उठा' काही येईना. टेम्पोवाला हॉर्न देऊ लागला.

सिंधु कोपरांवर सरकत धडीपर्यंत गेली आणि तिनं आत डोकं घातलं.

"एक," खालून आवाज आला.  मग पुन्हा, "बाकीचे?"

वाडा समजला. धुरपताबाई सरपटत गेली. दोन. महादेवप्पा गेले. एकेक माणूस पोटावर धडीला जाई, तोंड दाखवी, आकडा लागला की बाजूला होई. वाड्यातली माणसं सरली तरी आकडा भरेना. गुणाबाईनं व्यंकटरावांकडं बघितलं. ते कोऱ्या फेट्याला माती लावत पुढं सरकले आणि त्यांनी आत वाकून बघितलं.

तळाशी नवं धोतर नेसलेला, कानांवर रुमाल बांधलेला माणूस वर बघत होता.

"लातूरला गेलेत म्हनला होता," ते म्हणाले.

"हाव," गुणाबाई म्हणाली. "अजून आले न्हाईत."

खालून त्यांचाही आकडा लागला. मग कंडक्टर पोरानं खिशातला रुमाल धुळीत अंथरला, त्यावर कोपरं टेकवली, आणि तो धडीकडं सरकू लागला.